बुऱ्हाणपूरला एक रात्र राहून पाहा: दोन दिवसांच्या रिक्षासहलीचा अभिप्राय

भुसावळहून मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, आणि इतके जवळ असल्यामुळेच बहुधा आपल्याकडची माणसे तिथे मुक्काम करत नाहीत. लग्नाला, कापडाच्या खरेदीला किंवा कुणाला भेटायला सकाळी जायचे, वेळ उरला तर शाही किल्ला घाईघाईने पाहायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, असे मीही चार वेळा केले होते. गेल्या डिसेंबरात मात्र आई (वय ७१) आणि आठवीत शिकणारी भाची यांना घेऊन मी दोन दिवस आणि एक रात्र तिथे घालवली आणि या सगळ्या वेळेसाठी एकच रिक्षा ठरवली. हा अभिप्राय मुख्यतः त्या रिक्षासेवेचा आहे. तिच्या ओघात मुक्काम, जेवण आणि कोणते ठिकाण कोणत्या वेळी पाहावे, हेही सविस्तर लिहीत आहे, कारण रिक्षा चांगली ठरण्याचे निम्मे कारण त्या क्रमातच होते.

फारुकी सुलतानांची पहिली गादी धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला होती, पुढे ती बुऱ्हाणपूरला गेली, आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेशचा कारभार याच शहरातून चालला. आज राज्याची सीमा मध्ये आल्यामुळे आपण त्याला परप्रांतातले गाव समजतो. पण बाजारात मराठी सहज चालते, शेतात केळीच दिसते आणि तापी तर आपलीच. आईला तिथे एकदाही परके वाटले नाही, ही गोष्ट वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

स्टेशन शहराच्या उत्तरेला लालबाग भागात आहे आणि जुने शहर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या सगळ्याच गाड्या बुऱ्हाणपूरला थांबत नाहीत, त्यामुळे परतीची गाडी आधी निश्चित करूनच निघावे. रस्त्याने यायचे असेल तर सावदा, रावेरमार्गे एसटी आहे. आम्ही सकाळच्या गाडीने उतरलो, आणि स्टेशनबाहेर पहिल्या भेटलेल्या रिक्षात न बसता तिथल्या तीन-चार चालकांशी शांतपणे बोललो. ज्यांना ठरवले ते साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. त्यांची परवानगी घ्यायचे राहून गेल्यामुळे नाव इथे देत नाही. पहिला पूर्ण दिवस १२०० रुपये आणि दुसरा अर्धा दिवस ८०० रुपये, थांबण्याचा वेळ धरून, असे ठरले. एकेका ठिकाणासाठी वेगळी रिक्षा केली असती तर पैसे कदाचित थोडे वाचले असते. पण आईला दर वेळी उन्हात उभे राहून नव्या माणसाशी घासाघीस होताना पाहावे लागले असते, आणि शहाजहानच्या सुनेची कबर कुठे आहे हे प्रत्येक चालकाला ठाऊक असतेच असे नाही.

या चालकांना मी पूर्ण गुण देतो आणि त्याची कारणे स्पष्ट सांगतो. निघण्याआधीच त्यांनी आईला पायऱ्या चढता येतात का, हे विचारले. कुठल्या ठिकाणी किती चालावे लागेल, सावली कुठे आहे आणि स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे त्यांनी प्रत्येक वेळी न विचारता सांगितले. कोणत्याही दुकानासमोर त्यांनी रिक्षा स्वतःहून थांबवली नाही. इतिहासाबद्दल विचारले तेव्हा, ‘असे आमच्याकडे बोलले जाते’ आणि ‘असे पाटीवर लिहिले आहे’ हा फरक ते नेमका करत होते. याच्या अगदी उलट अनुभव एका वास्तूपाशी आला. तिथे स्वतःला मार्गदर्शक म्हणवणाऱ्या एकाने तीनशे रुपये घेतले आणि भुयाराच्या, पुरलेल्या सोन्याच्या गोष्टी सांगत अर्धा तास घालवला. भाचीने भिंतीवरच्या फारसी लेखाबद्दल विचारले तेव्हा उत्तर टाळले. मार्गदर्शक घ्यायचाच असेल तर आधी दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत आणि मगच पैसे ठरवावेत.

चालकांनी सुचवलेला क्रम असा होता: कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी जुनी व्यवस्था, स्टेशनच्याच अंगाला असल्यामुळे आधी तो, मग दुपारच्या उन्हात जामा मशिदीची सावली, आणि शाही किल्ला उन्हे कलल्यावर. मी घरून वेगळाच आराखडा करून नेला होता. तो बाजूला ठेवला हे फार बरे झाले.

कुंडी भंडाऱ्याविषयी जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागातल्या शेतकऱ्याला जितके ते कळेल तितके क्वचितच दुसऱ्या कुणाला कळेल. वरून पाहिले तर उघड्या माळावर विहिरीच्या तोंडासारखी बांधकामे एका ओळीत दिसतात आणि पहिल्या नजरेला निराशाच होते. खरी गोष्ट जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या उतारावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकत जातो. ते पाणी नदीला मिळण्याआधी वाटेत अडवायचे, जमिनीखालच्या बोगद्यात झिरपू द्यायचे आणि अत्यंत मंद उतार देऊन शहरापर्यंत आणायचे, अशी ही योजना आहे. बोगद्यावर ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या खोदल्या आहेत. अशा शंभराहून अधिक कुंड्या होत्या. त्यांतून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि पाणीही शेंदता येते. मोट नाही, रहाट नाही, कुठलेही यंत्र नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी चालत येते. इराणात अशा पाणीव्यवस्थेला कनात म्हणतात. इथली व्यवस्था १६१५ मध्ये, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, तबकुतुल अर्ज या फारसी जाणकाराने उभी केल्याचे सांगितले जाते. हिंदीत ज्यांचे दोहे शाळकरी मुलेही म्हणतात तेच हे रहीम, हे कळल्यावर भाचीचे डोळे विस्फारले.

खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे आणि सुमारे ऐंशी फूट खाली गेल्यावर आपण वाहत्या पाण्यापाशी पोचतो. ती कोणत्या वेळी चालू असते याची चौकशी सकाळीच चालकामार्फत करून घ्यावी. खाली गारवा असतो, वरच्या कुंडीतून उजेडाचा एक गोल पाण्यावर पडतो, आणि भिंतींवर क्षारांचे पांढुरके थर साचलेले दिसतात. पायांत पकड असलेली चप्पल किंवा सँडल हवी, कपडे थोडे वर खोचता येतील असे हवेत, आणि ज्यांना बंद जागेत घुसमटते त्यांनी वरच थांबावे. आई खाली आली नाही, ती एका झाडाखाली चालकांशी केळीच्या भावाबद्दल बोलत बसली. मी मात्र त्या पाण्यात उभा राहून आपल्या यावल-रावेरच्या खोल खोल गेलेल्या बोअरवेलचा विचार करत होतो. पाणी उपसून काढण्यापेक्षा मुरवून वळते करण्याचे हे शहाणपण आपल्या दाराशी चारशे वर्षांपासून वाहत आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल! २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. स्थानिक लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. पाण्याच्या लालसर छटेवरून ते नाव पडल्याचे सांगतात. इथे किमान दीड तास ठेवावा.

गांधी चौकातली जामा मशीद दुपारी पाहिली. नमाजाची वेळ सोडून जावे, शुक्रवारची दुपार टाळावी, डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी, एवढे पथ्य पुरते. काळ्या दगडातली ही मशीद आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अली खान, याच्या काळात बांधली गेली. दर्शनी बाजूला पंधरा कमानी आहेत, दोन्ही टोकांना उंच मिनार आहेत आणि वर घुमट नाही. आत गेल्यावर अरबी लेखाबरोबर तिथला संस्कृत शिलालेख आवर्जून पाहावा. देवनागरी अक्षरांतल्या त्या लेखात फारुकी घराण्याची वंशावळ आणि शक १५११, म्हणजे इ. स. १५८९-९० च्या सुमाराची मिती दिली आहे. भाचीने त्यातला ‘शके’ हा शब्द ओळखला आणि पुढची दहा मिनिटे ती एकेक अक्षर लावत बसली. तिथल्या वृद्ध सेवकांनी तिला घाई केली नाही, उलट कोणत्या कोपऱ्यातून उजेड बरा येतो ते दाखवले. त्या सौजन्याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

दुपारचे जेवण चौकाजवळच्या एका साध्या खाणावळीत झाले. शाकाहारी थाळी स्वच्छ आणि गरम होती. भाजी आपल्याकडच्यापेक्षा कमी तिखट असल्यामुळे आईने हिरवी मिरची मागवली. मांसाहार करणाऱ्यांनी इथला मांडा खावा, असे चालकांनी सांगितले. मांडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे खापरावरची पुरणाची पोळी येते. इथला मांडा म्हणजे पालथ्या कढईवर भाजलेली, रुमालासारखी पातळ आणि भली मोठी पोळी, जी रश्शाबरोबर खातात. तापीच्या एकाच खोऱ्यात एका नावाचे दोन पदार्थ असावेत आणि दोन्हींचे कौशल्य कणीक हातांवर ताणण्यातच असावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

शाही किल्ल्यात आम्ही साडेतीनला गेलो आणि मावळतीच्या थोडे आधी बाहेर पडलो. फारुकींनी बांधलेल्या आणि मुघलांनी वाढवलेल्या या वाड्याचा बराच भाग पडला आहे, म्हणून ‘किल्ला’ या शब्दावरून मोठ्या अपेक्षा धरून जाऊ नये. पाहायचे ते हमाम, म्हणजे स्नानगृह. छतावर आणि भिंतींवर वेलबुट्टीची रंगीत चित्रे अजून टिकून आहेत, मध्ये हौद आहे, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे नुसते उभे राहिले तर रंग हळूहळू उमटू लागतात. मोबाइलचा दिवा भिंतीवर मारू नये. त्याने रंग दिसण्याऐवजी चमकच दिसते. एका चित्रात ताजमहालाचे मूळ रूप असल्याचे तिथे प्रत्येक जण सांगतो. त्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, आणि त्या गोष्टीवाचून हमामाचे मोल कमीही होत नाही.

मुमताजमहलचा मृत्यू मात्र खरोखर याच शहरात झाला. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर इथे तळ देऊन होता आणि जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती गेली. तेव्हा गुजरातपासून खानदेश आणि दख्खनपर्यंत भयंकर दुष्काळ होता. देहूत तुकोबांच्या घरावर जे संकट कोसळले तेही याच दुष्काळातले, हे मी किल्ल्याच्या गच्चीवर भाचीला सांगितले. बादशहाच्या वाड्यातला शोक आणि खालच्या मुलखात अन्नावाचून मरणारी माणसे, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत. मार्गदर्शक पहिलीच सांगतात, म्हणून मुलांना दुसरी आपण सांगावी. खाली तापीचे पात्र दिसते, पलीकडे जैनाबादची झाडी दिसते, आणि उन्हे उतरू लागली की सगळे पाणी तांबूस होते. संध्याकाळची परतीची गाडी धरणाऱ्यांना नेमकी हीच वेळ मिळत नाही. गेल्या चार वेळांत मी या गच्चीवर दुपारी एकला उभा होतो.

मुक्कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बसस्थानकाच्या परिसरातल्या एका लॉजमध्ये तिघांची खोली १६०० रुपयांत मिळाली. चादरी स्वच्छ होत्या, पण गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढ्याच वेळेत येते हे आम्हाला सहा वाजता उठल्यावर कळले, आणि आईला गार पाण्याने तोंड धुवावे लागले. उद्वाहक असल्याचे फोनवर सांगितले होते, प्रत्यक्षात तो बंद होता. वयस्कर माणसे बरोबर असतील तर तळमजल्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरचीच खोली मागावी आणि पाहून मगच पैसे भरावेत. याबाबतीत गुण द्यायचे तर दहापैकी पाच.

रात्री मावा जिलेबी खाल्ली. आपल्या जिलेबीशी तिचे नावापुरतेच नाते आहे. खव्याच्या पिठाची, जाड वेटोळ्यांची, तळून गडद तपकिरी झालेली आणि पाकात मुरलेली ही जिलेबी गुलाबजामच्या अधिक जवळची वाटते. ती कढईतून निघालेलीच खावी. आम्ही पाव किलो घेतली, तिघांना ती जास्त झाली. तिघांत दीडशे ग्रॅम पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच रिक्षा हजर होती. राजघाटावर उतरलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि पात्रातला दगडी हत्ती त्यातून हळूहळू वर येत होता. घाटावरून मागे वळून पाहिले की किल्ल्याची पडकी भिंत किती उंच आहे हे प्रथमच कळते. तिथून पूल ओलांडून जैनाबादला, आहुखान्यात गेलो. आहू म्हणजे हरीण. फारुकी आणि मुघलांच्या काळातले हे शिकारीचे राखीव रान. मुमताजचा देह इथल्या बागेत सहा महिने होता आणि डिसेंबर १६३१ मध्ये आग्र्याला नेला गेला. आज तिथे पडकी बारादरी आणि शांतता आहे. ज्यांना नीटनेटक्या बागा हव्यात त्यांनी येऊ नये. रस्ता काही ठिकाणी खडबडीत आहे. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी रिक्षा सावकाश चालवायला सांगावी.

मराठी माणसाने न चुकता जावे असे दुसऱ्या दिवसाचे ठिकाण म्हणजे बोहरड्याजवळची, तापी आणि मोहना यांच्या संगमावरची मिर्झाराजे जयसिंह यांची छत्री. पुरंदरचा तह ज्यांनी करून घेतला आणि ज्यांच्या शब्दावर महाराज आग्र्याला गेले, ते जयसिंह २८ ऑगस्ट १६६७ रोजी बुऱ्हाणपुरात वारले. आग्र्याहून सुटकेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. बत्तीस खांबांची ती देखणी छत्री नदीकाठी एकटीच उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय दोन गुराखी होते. बाजूला चौदा वर्षांनंतरची गोष्टही आठवली पाहिजे: १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने याच शहराच्या बहादूरपुरा या श्रीमंत उपनगरावर धाड घातली होती. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलेली ही नावे भाचीला तिथे एका नकाशात बसलेली दिसली.

अब्दुर्रहीम खानखानांचा मुलगा शाहनवाज खान याची कबर, जिला लोक काळा ताजमहाल म्हणतात, आणि शहाजहानचा मुलगा शाह शुजा याच्या पत्नीची, खरबुजासारख्या पाकळ्यांची व आतून रंगवलेली छोटी कबर, या दोन्ही आम्ही परतताना पाहिल्या. दुसरी कबर लहान आहे म्हणून टाळू नये. आतले रंग हमामाइतकेच ताजे वाटतात. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी आणि गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना जिथे राहिले तो गुरुद्वारा, ही दोन्ही ठिकाणे वेळेअभावी आम्ही बाहेरूनच पाहिली.

असीरगड आम्ही या सहलीत घेतला नाही आणि इतरांनीही घेऊ नये, असे माझे मत आहे. तो शहरापासून वीसेक किलोमीटरवर खंडव्याच्या वाटेला आहे, त्यासाठी रिक्षापेक्षा मोटार बरी आणि पूर्ण अर्धा दिवस मोकळा हवा. अकबराला जो किल्ला लढाईपेक्षा फितुरीने अधिक मिळाला, तो दीड तासात उरकणे बरोबर नाही. दोन दिवसांत असीरगड कोंबायचा म्हणजे कुंडी भंडारा किंवा किल्ल्यातली संध्याकाळ सोडावी लागते, आणि त्या दोन्ही गोष्टी सोडण्याजोग्या नाहीत.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतरचे आपल्याकडचे ऊन आपल्याला ठाऊक आहे आणि बुऱ्हाणपूरचे त्याहून सौम्य नसते. तिघांचा एकूण खर्च, रेल्वेचे तिकीट, रिक्षा, लॉज आणि खाणे धरून, साडेपाच हजारांच्या आत बसला.

स्टेशनवर सोडताना चालकांनी ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला नाही. घरी नेण्यासाठी मावा जिलेबी घ्यावी का, असे आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘माँजी, ती थंड झाली की जीव जातो तिचा, दराबा न्या.’ रवा, साखर आणि तूप पांढरे होईपर्यंत घोटून केलेला हा दराबा डब्यात चार-सहा दिवस छान राहतो. आम्ही अर्धा किलो घेतला, तो भुसावळला शेजारी वाटून तिसऱ्या दिवशी संपला, आणि आईने पुढच्या हिवाळ्यात असीरगडासाठी त्याच चालकांकडून ओळखीची मोटार ठरवून ठेवायला मला सांगितले आहे.